खोडरबराने काढलेली चित्रं

चित्रकलेच्या वर्गात खोडरबराला फारशी प्रतिष्ठा नसते. ‘रबर कमी वापरा, रेषा ठाम काढा’ हे वाक्य एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं असतं. पेन्सिलीपुरता हा सल्ला बरोबर आहे. दाबून काढलेली रेषा खोडली तरी कागदावर चरा राहतो, भोवती मळकट पट्टा उमटतो आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही. पण विद्यार्थी हाच नियम पुढे कोळशाच्या कामाला लावतात आणि तिथे घोटाळा होतो. कोळशाच्या कामात खोडरबरानेही चित्र काढतात, कोळशाने काढतात तितकंच, आणि काही चित्रकारांच्या बाबतीत तर त्याहून जास्त.

कोळसा आणि खोडरबर या जोडीने आजवर काय काय साधलं, कुणी साधलं, त्यांच्या हातातली युक्ती नेमकी कोणती होती, याचा हा आढावा आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. खोडण्याचे तीन उपयोग आहेत. चूक दुरुस्त करणं हा पहिला, काळ्यातून उजेड उचलून काढणं हा दुसरा आणि आधीच्या रेखाटनाच्या खुणा मागे ठेवून त्यांवर पुढचं चित्र उभं करणं हा तिसरा. आपल्याकडे पहिला शिकवला जातो, दुसऱ्याला टाळ्या मिळतात, तिसऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. कोळशाची खरी ताकद मात्र तिसऱ्यात आहे.

कोळसा इतक्या सहज पुसला का जातो, याचं उत्तर तो बनतो कसा यात आहे. विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड, किंवा द्राक्षवेल यांच्या काटक्या हवा न लागू देता भाजतात. लाकडातलं पाणी आणि इतर द्रव्यं वाफ-धूर होऊन निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. चेन्निनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने इसवी सन १४०० च्या आसपास लिहिलेल्या आपल्या हस्तपुस्तिकेत ही कृती दिली आहे. विलोच्या वाळलेल्या काटक्यांच्या जुड्या बांधाव्यात, नव्या मडक्यात भराव्यात, झाकण मातीने लिंपून घट्ट करावं आणि संध्याकाळी पाववाल्याचं काम आटोपलं की त्याच्या भट्टीत रात्रभर ठेवावं. आजही कृती मुळात हीच आहे, फक्त भट्ट्या बदलल्या.

या कांडीत चिकटवणारं काहीही नसतं. तैलरंगात तेल असतं, जलरंगात डिंक असतो, पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर भाजलेली माती असते. विलोच्या कोळशाचे कण नुसते कागदाच्या खरखरीत पोतात अडकून बसतात. फुंकर मारली तरी काही उडतात, फडकं फिरवलं तर बरेचसे निघतात आणि उरलेले तंतूंच्या फटीत शिरतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. विलोचा कोळसा भरपूर निघतो, पण सगळा निघत नाही. बाजारात मिळणारा ‘कॉम्प्रेस्ड चारकोल’ हा प्रकार वेगळा. त्यात कोळशाच्या भुकटीत डिंकासारखा बांधणारा पदार्थ मिसळून ती दाबून कांडी केलेली असते. तो गर्द काळा पडतो आणि कागदाला धरून बसतो. चारकोल पेन्सिलीतही बहुधा हाच असतो. दोन्ही प्रकार दुकानात एकाच खणात ठेवलेले असतात आणि नवशिका त्यातला जास्त काळा निवडतो. मग खोडरबर चालत नाही म्हणून वैतागतो.

काढणं आणि काढून टाकणं यांची जोडी किती जुनी आहे, ते फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत दिसतं. ही गुहा डिसेंबर १९९४ मध्ये सापडली. तिथली कोळशाची चित्रं सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची मानली जातात आणि तो कोळसा पाइन जातीच्या लाकडाचा आहे. घोड्यांची प्रसिद्ध भिंत पाहिली तर चित्रकाराने आधी भिंतीचा वरचा थर खरवडून पृष्ठभाग उजळ केलेला दिसतो, कोळसा चोळून छटा केलेल्या दिसतात आणि काही ठिकाणी बाह्यरेषेच्या लगत पुन्हा खरवडून आकार ठसठशीत केलेला दिसतो. रबर सापडायला अजून हजारो वर्षं होती, पण उणे करून चित्र काढायची बुद्धी तेव्हाच होती.

पुढे युरोपात कित्येक शतकं कोळसा हा चाकरीतला माणूस राहिला. चित्राची पहिली मांडणी कोळशाने करायची, ती जमली की शाईने किंवा चांदीच्या टोकाने पक्की करायची आणि कोळसा पिसाने झटकून टाकायचा. चेन्नीनीने पिसाचा हा उपयोग लिहून ठेवला आहे, आणि शिशाच्या रेषा खोडायला पावाचा मऊ गरही सुचवला आहे. भित्तिचित्रांसाठी मोठ्या कागदावरच्या आकृतीला सुईने भोकं पाडून, त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटून आकृती भिंतीवर उतरवत. आपल्याकडच्या लघुचित्रकारांच्या कारखान्यांतही हीच रीत होती. तिथे अशा भोकं पाडलेल्या नमुन्याला ‘खाका’ म्हणत. सगळीकडे कोळशाचं काम एकच, दुसऱ्यासाठी वाट आखून द्यायची आणि नाहीसं व्हायचं. त्यामुळे त्या काळातली कोळशाची स्वतंत्र रेखाटनं फार थोडी उरली. व्हेनिसमध्ये तिंतोरेत्तोसारख्यांनी कांडी तेलात भिजवून तिला कागदाला धरून ठेवायची तोड काढली, पण तेल पसरून रेषेभोवती पिवळट कडा येत.

रबर आलं ते १७७० च्या सुमारास. एडवर्ड नेर्न हे लंडनचे उपकरणं बनवणारे कारागीर डिंकवजा रबराचे अर्ध्या इंचाचे ठोकळे विकायला लागले आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी त्याच वर्षीच्या आपल्या यथार्थदर्शनावरच्या पुस्तकात त्याची शिफारस केली. किंमत तीन शिलिंग, म्हणजे चैनच. त्यामुळे पाव लगेच हटला नाही. कोळशासाठी तर तो एकोणिसाव्या शतकभर आणि नंतरही टिकला, कारण तेव्हाचं रबर कोळसा उचलण्याऐवजी फासायचं आणि पावाचा गर मात्र हलक्या हाताने कण टिपून घ्यायचा.

आज हे टिपून घ्यायचं काम मळता येणारा रबर करतो. दुकानदार त्याला नीडेबल इरेझर म्हणतात. एका चेहऱ्याचं उदाहरण घेतो. उजेड एका बाजूने येतोय. विलोची कांडी आडवी धरून सगळ्या कागदावर कोळसा फिरवायचा आणि जुन्या सुती फडक्याने तो गोलगोल चोळून कागदात जिरवायचा. कागद मध्यम राखाडी होतो. आता कपाळ, नाक, हनुवटी यांच्या जागा त्याच कांडीच्या टोकाने हलक्या आखायच्या. मग रबराचा गोळा कणकेसारखा मळून त्याला हवी ती कड आणायची आणि कपाळावर जिथे उजेड पडलाय तिथे तो नुसता टेकवून उचलायचा. घासायचा नाही. एकदा टेकवला की एक पायरी उजेड, पुन्हा टेकवला की आणखी एक पायरी. रबराची काळी झालेली बाजू आत दुमडायची आणि ताजी बाजू बाहेर आणायची. गालाचा उतार फडक्याच्या टोकाने किंवा कोरड्या ब्रशने काढला तर छटा आणखी मऊ येते. पाश्चात्त्य स्टुडिओंत यासाठी शॅमॉय नावाचं कमावलेलं मऊ चामडं वापरतात. आपलं धुऊन धुऊन विरलेलं मलमल तेवढंच चांगलं काम देतं.

नाकाच्या शेंड्यावरची चमक आणि बुबुळातला ठिपका यांना मऊ रबर पुरत नाही. तिथे पांढरं कडक प्लॅस्टिकचं खोडरबर ब्लेडने तिरपं कापून पाचरीसारखं करायचं आणि एकाच फटकाऱ्यात ती जागा उघडी करायची. ती कड दुसऱ्यांदा वापरली तर तिला लागलेला कोळसा परत कागदावर उतरतो आणि उजेडाच्या जागी काळा फराटा येतो. म्हणून ब्लेड हाताशीच हवं. सगळ्यात शेवटी कॉम्प्रेस्ड चारकोल घ्यायचा आणि नाकपुडी, ओठांची मधली फट, हनुवटीखालची सावली अशा मोजक्याच जागी लावायचा. क्रम उलटा केला, म्हणजे गर्द काळा आधी लावला, तर त्यातून उजेड परत काढता येत नाही. आणि बोट शक्यतो लावायचं नाही. बोटाला तेल असतं, ते कोळशाला कागदावर धरून ठेवतं आणि तिथला राखाडी डाग मग कुठल्याच रबराला दाद देत नाही. बोटाने चोळल्यावर छटा पटकन गुळगुळीत होते म्हणून ही सवय लागते, आणि वर्गावर्गांतली कोळशाची व्यक्तिचित्रं त्यापायी एकसारखी मळकट दिसतात.

कोळशाला चाकरीतून सोडवलं ते फिक्सेटिव्हने. लाखेपासून काढलेलं शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळवून चित्रावर फवारलं की कण जागीच बसतात, ही सोय एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली. लाखेचा मुख्य पुरवठा तेव्हा भारतातूनच होत असे, त्यामुळे पॅरिसच्या या नव्या कलाप्रकाराला आपल्या जंगलांचाही थोडा हातभार होता. फ्रान्समध्ये कोळशाचं रेखाटन ही स्वतंत्र, चौकटीत लावायची कलाकृती झाली. मॅक्सिम लालान यांचं या विषयावरचं पुस्तक १८६९ मध्ये निघालं, ओग्युस्त आलाँजे यांची निसर्गदृश्यं आणि लेऑं लेर्मित यांची शेतकऱ्यांची चित्रं लोक घरी लावू लागले. त्याच सुमारास, १८६६ ते १८७१ या काळात, शार्ल बार्ग यांनी चित्रकार जेरोम यांच्या साहाय्याने रेखाटनाच्या अभ्यासपट्ट्या काढल्या. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी त्या मन लावून गिरवल्या. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून छायाप्रकाश शिकणं हा शिक्षणाचा पाया होता. हा सगळा पहिल्या उपयोगाचा, म्हणजे दुरुस्तीचा प्रदेश. आकार चुकला, पुसा, पुन्हा मोजा, पुन्हा काढा. या शिस्तीला मी कमी लेखत नाही. ज्याला कानाची जागा भुवई आणि नाकाच्या रेषेत धरता येत नाही, त्याने उजेड आणि खुणांच्या गोष्टी करू नयेत.

दुसरा उपयोग पूर्ण ताकदीने कुणी केला, तर ओदिलाँ रेदाँ यांनी. बोर्दो इथे १८४० मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने १८९० च्या दशकापर्यंत मुख्यतः काळ्यातच काम केलं. आकाशात फुग्यासारखा चढणारा डोळा, दात दाखवून हसणारा कोळी, खिडकीतून येणारा उजेड यांची ती कोळशाची चित्रं. हसणारा कोळी १८८१ चा आहे. रेदाँ यांनी कागदावर कोळसा भरला, पुसला, फवारून बसवला, वर पुन्हा भरला, रबराने उचलला, टोकाने खरवडला. त्यांचा काळा रंग एका थराचा नसतो आणि उजेड कागदाचा कोरा पांढरा नसतो. तो काळ्यातून उकरून वर आणलेला असतो, म्हणून त्याला खोली येते. कोळी हसतोय असं आपल्याला वाटतं, ते दातांच्या त्या पट्टीभोवतीचा अंधार इतका भरगच्च आहे म्हणून.

त्याच काळात जॉर्ज सरा यांनी अगदी उलट वाट धरली होती, तीही इथे सांगायला हवी. खरखरीत मिशाले कागदावर ते काँते क्रेयॉनची काळी कांडी अशा हलक्या हाताने फिरवत की कागदाच्या उंचवट्यांवरच काळा बसे आणि खळग्यांत पांढरा राही. तिथे उजेड राखून ठेवलेला आहे. कोळसा आणि खोडरबराच्या पद्धतीत उजेड परत मिळवलेला असतो. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर सरा यांच्या चित्रात शांतता जाणवते आणि रेदाँच्या चित्रात झटापट.

जॉन सिंगर सार्जंट यांनी या पद्धतीला वेग दिला. तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांच्या मागण्यांना कंटाळून त्यांनी १९०७ च्या सुमारास ते काम जवळजवळ थांबवलं आणि त्याऐवजी कोळशातली मस्तकं काढायला सुरुवात केली. अशी शेकडो काढली, बहुतेक एकाच बैठकीत, दोन-तीन तासांत. केसांवरची झळाळी, गळ्यातल्या मोत्याची चमक यांसाठी ते पावाच्या गराच्या गोळ्या वापरत. त्यांच्या चित्रात खोडण्याचा एक फटकारा कुंचल्याच्या फटकाऱ्याइतका निःशंक असतो. कुठे किती उचलायचं, यापेक्षा कुठे हात लावायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्या काळातले अमेरिकेचे रॉबर्ट लाँगो भिंतभर मोठ्या कागदांवर समुद्राच्या लाटा काढतात. त्यांत पांढरा रंग मुळीच नसतो. फेस म्हणजे कोरा किंवा रबराने उघडा केलेला कागद. काळा इतका दाट असतो की लाट अंगावर येते.

याच वाटेने आलेला एक प्रकार आज आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि त्याबद्दल मला काळजी वाटते. छायाचित्र समोर ठेवून चारकोल पेन्सिल आणि पेनसारखं बारीक खोडरबर (काहींचं टोक जेमतेम २.३ मिलिमीटरचं असतं) घेऊन चेहऱ्यावरचा केस न् केस, घामाचा थेंब न् थेंब उचलून काढायचा. त्यात हात आणि चिकाटी अफाट लागते, हे मान्य. पण सगळीकडे सारखीच चमक काढली की उजेडाला जागा उरत नाही. छायाचित्रात उजेड कुठे पडला होता ते कळतं; चित्रकाराने काय पाहिलं ते कळत नाही. उत्तम हात असलेली मुलं चमकदार दाढ्या आणि सुरकुत्यांत अडकून पडतात, कारण दाद तिथेच मिळते. त्यांना सार्जंटचं एखादं मस्तक दाखवावं आणि त्यातल्या केसांत किती जागा नुसतीच सोडली आहे ते मोजायला सांगावं.

तिसऱ्या उपयोगाची गोष्ट सांगताना रॉबर्ट राउशेनबर्ग यांचं नाव हमखास घेतलं जातं. १९५३ मध्ये त्यांनी चित्रकार विलेम डी कूनिंग यांच्याकडून एक रेखाटन मागून घेतलं आणि ते खोडलं. डी कूनिंग यांनी मुद्दाम खोडायला कठीण असं चित्र दिलं होतं. जवळजवळ कोरा दिसणारा तो कागद आता सान फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे आणि २०१० मध्ये इन्फ्रारेड किरणांनी पाहिल्यावर त्यात डी कूनिंगच्या आकृत्यांच्या खुणा सापडल्या. कल्पना म्हणून ते मोठं आहेच. पण रेखाटनाच्या हुन्नराच्या दृष्टीने मला त्याच दशकात लंडनमध्ये चाललेलं काम जास्त मोलाचं वाटतं.

फ्रँक आउअरबाख यांचा जन्म १९३१ चा, बर्लिनचा. १९३९ मध्ये आईवडिलांनी त्यांना इंग्लंडला धाडलं. ते दोघेही पुढे आउश्वित्झमध्ये मारले गेले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या सुरुवातीपर्यंत आउअरबाख यांनी कॅम्डन टाउनच्या आपल्या स्टुडिओत जवळच्या माणसांची मोठी कोळशाची मस्तकं काढली. त्यांत स्टेला वेस्ट होत्या, मित्र आणि चित्रकार लिऑन कॉसॉफ होते, चुलत बहीण गेर्डा बोम होत्या. समोरचा माणूस बसायचा, चित्र व्हायचं, आणि पुढच्या बैठकीआधी ते पुसलं जायचं. पुन्हा नवं, पुन्हा पुसणं, असं आठवडे, कधी महिने. कोळसा कागदाच्या तंतूंत शिरत राहायचा, रबर आणि फडकं कागदाचा थर सोलत राहायचं आणि एक वेळ अशी यायची की कागद फाटायचा. मग ते त्या जागी दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवायचे आणि काम चालू. अशी ठिगळं चित्रांत उघड दिसतात, कडा बाहेर आलेल्या, त्यांच्यावरून काळ्या रेषा धावणाऱ्या. शेवटच्या बैठकीत आलेला चेहरा तास-दोन तासांचा असतो, पण तो ज्या काळोखातून वर येतो त्यात आधीचे सगळे चेहरे मुरलेले असतात. रबराचे रुंद पांढरट पट्टे गालावरून, कपाळावरून हाड कापल्यासारखे जातात. तिथे खोडणं हाच बांधणीचा दगड आहे. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीने २०२४ मध्ये ही मस्तकं एकत्र दाखवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आउअरबाख गेले.

या चित्रांसमोर दुरुस्ती आणि खूण यांतला फरक स्पष्ट होतो. दुरुस्ती करणाऱ्याला आधीची रेषा नकोशी असते. आउअरबाख यांना ती परत हवी नसते, पण तिने कागदावर केलेला परिणाम हवा असतो. आणि हे विलोच्या कोळशातच शक्य आहे, कारण तो भरपूर निघतो आणि थोडा राहतो. शाई मुळीच निघत नाही, तैलरंग खरवडला तर जातोच.

दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांनी ही राहून गेलेली खूण हलती केली. त्यांचा जन्म १९५५ चा, जोहान्सबर्गचा. वडील सिडनी केंट्रिज वर्णभेदाच्या काळातले नामांकित वकील; वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या मृत्यूच्या चौकशीत बिको कुटुंबाची बाजू त्यांनी मांडली होती. मुलाने १९८९ पासून छोट्या ॲनिमेशनपटांची मालिका सुरू केली. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये प्रत्येक हालचालीला नवं चित्र लागतं. केंट्रिज एकच मोठा कागद भिंतीला लावतात, त्यावर कोळशाने दृश्य काढतात, चालत कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन फ्रेम टिपतात, परत कागदापाशी येतात, थोडं खोडतात, थोडं काढतात, पुन्हा कॅमेऱ्याकडे. काही मिनिटांच्या चित्रपटासाठी काही डझन कागद पुरतात, कारण एका कागदावर एक अख्खा प्रसंग घडून गेलेला असतो.

माणूस खोलीतून चालत गेला की त्याच्यामागे राखाडी सावट राहतं. सुरुवातीला ते सावट त्यांना अडचणीचं वाटत होतं, कागद स्वच्छ कसा होईल हेच ते पाहत होते. पुढे ते सावट हाच चित्रपटांचा प्राण झाला. १९९१ च्या ‘माइन’मध्ये खाणमालक सोहो एकस्टाइन पलंगावर बसून कॉफी करतोय. कॉफीच्या भांड्याचा दट्ट्या तो खाली दाबतो आणि दट्ट्या भांड्याच्या तळातून, ट्रेमधून, पलंगातून खाली जात जात खाणीत उतरतो, झोपलेल्या आणि राबणाऱ्या मजुरांच्या थरांमधून. दट्ट्या उतरत जातो तसा आधीचा थर खोडला जातो आणि त्याची काजळी वाटेवर राहते. कोळशानेच खाणीचं चित्र काढलं आहे, ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. १९९४ च्या ‘फेलिक्स इन एक्झाइल’मध्ये मारल्या गेलेल्या माणसांची शरीरं वर्तमानपत्रांखाली झाकली जातात आणि हळूहळू माळरानात विरून जातात. देशातल्या पहिल्या सर्ववर्णीय निवडणुकीच्या तोंडावर केलेला तो चित्रपट. जमिनीने किती पटकन सगळं पोटात घेतलं हे तो सांगतो, आणि पडद्यावर उरलेला धुरकट डाग सांगतो की सगळं घेतलं नाही. केंट्रिज यांचं काम २०१३ मध्ये मुंबईतही प्रदर्शित झालं होतं.

आपल्या मुंबईच्या नलिनी मलानी यांनी खोडणं भिंतीवर आणलं. कराचीला १९४६ मध्ये जन्मलेल्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या मलानी यांनी १९९२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर असलेल्या गॅलरी केमोल्डमध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ नावाचं काम थेट भिंतींवर केलं. प्रदर्शन संपलं की ते पुसलं जाणार हे ठरलेलंच होतं. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षाने नष्ट होत होती, त्याचा संदर्भ त्यामागे होता. पुढे त्यांनी परदेशातल्या संग्रहालयांच्या भिंतींवर कोळशाची मोठी रेखाटनं केली आणि अखेरीस सर्वांसमक्ष ती पुसण्याचा प्रयोगही कामाचाच भाग ठेवला. आउअरबाख आणि केंट्रिज यांच्याकडे खोडण्यातून काही तरी साठत जातं. मलानी यांच्याकडे तोटा पूर्ण आहे, आणि तो पाहणाऱ्याने डोळ्यांदेखत पाहावा असा त्यांचा आग्रह आहे. विकत घेता न येणारं, जपता न येणारं चित्र मुंबईच्या कलाबाजाराच्या मध्यात बसून करणं हे धाडसाचंच होतं. आपल्याकडच्या कलाशिक्षणात या कामाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

वर्गात हे कसं आणावं? माझ्या मते साधा उपाय आहे. विद्यार्थ्याला एकच जाड, सुती तंतूंचा कागद द्यावा, नवा मिळणार नाही असं सांगावं आणि एकाच मॉडेलचं चित्र आठवडाभर रोज पुसून रोज नव्याने काढायला लावावं. फक्त विलोचा कोळसा, फडकं आणि दोन प्रकारची खोडरबरं. साध्या कार्ट्रिज पेपरला हा मार सोसत नाही, त्याचे तंतू तिसऱ्या दिवशी उठतात. ३०० जीएसएमचा हातकागद टिकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी विद्यार्थ्याची चूक होण्याची भीती बरीच कमी होते, कारण पुसणं हे कामाचंच पाऊल झालेलं असतं. गुण देताना शेवटच्या चेहऱ्याइतकंच त्यामागच्या राखाडी थराकडे पाहावं.

आणि चित्र जपायचं असेल तर आपल्या हवेचा विचार हवा. कार्बन उन्हाने फिका पडत नाही. धोका असतो तो घासलं जाण्याचा आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी येण्याचा. पावाच्या गराने उजेड काढला असेल तर त्याचे बारीक कण नीट झटकावेत, बुरशीला ते खाद्य मिळतं. फिक्सेटिव्ह दुरून, हलक्या दोन-तीन थरांत फवारावं; एकदम भिजवलं तर राखाडी छटा गडद होतात आणि मेहनतीने उचललेला उजेड बसतो. त्यानंतर खोडरबर काम करत नाही, म्हणून ज्या चित्रावर अजून हात फिरवायचा आहे ते तसंच, बटर पेपर घालून सपाट ठेवावं. चौकट करताना माउंट जाड घ्यावा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही, आणि फ्रेमवाला ॲक्रिलिक सुचवत असेल तर नको म्हणावं. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती कोळशाचे सुटे कण कागदावरून स्वतःकडे ओढून घेते.